लॅबमध्ये किंवा युनिव्हर्सिटीत आर्टिस्ट म्हणून राहायला जायचंय? मग तयारी अशी करा

परदेशातल्या रेसिडेन्सीचा (म्हणजे आर्टिस्टला काही काळ राहायला आणि काम करायला जागा देणाऱ्या प्रोग्रामचा) विषय निघाला की बहुतेक जण आधी लिस्ट मागतात. लिस्ट पाच मिनिटांत मिळते. रेस आर्टिस, ट्रान्सआर्टिस्ट्स आणि ऑन द मूव्ह या तीन साइट उघडा, जगभरातले ओपन कॉल, म्हणजे अर्ज मागवणाऱ्या जाहिराती, तिथे सापडतील, फुकट. पण ज्या रेसिडेन्सी कलेला रिसर्चशी जोडतात, म्हणजे जिथे आर्टिस्टला एखाद्या लॅबमध्ये, युनिव्हर्सिटीत किंवा रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये संशोधकांच्या सोबत ठेवतात, तिथे नुसत्या लिस्टने काम भागत नाही, कारण तिथे निवड चांगल्या चित्रांवर कमी आणि चांगल्या प्रश्नावर जास्त होते. म्हणून इथे मी मुख्यतः तो प्रश्न कसा तयार करायचा आणि कागदावर कसा आणायचा हेच लिहितेय, बाकी पैसे-व्हिसा वगैरे ओघाने येईलच.

आधी या जागा कोणकोणत्या प्रकारच्या असतात ते बघू, कारण प्रत्येक ठिकाणी अपेक्षा वेगळी असते आणि एकच ॲप्लिकेशन सगळीकडे पाठवलं तर ते लगेच कळून येतं.

एक प्रकार म्हणजे थेट लॅब. जिनिव्हाजवळचं सर्न, कणभौतिकीची मोठी लॅब, सगळ्यांना माहितीये, त्यांचा आर्ट्स ॲट सर्न नावाचा प्रोग्राम आहे आणि त्यात कोलाइड नावाची रेसिडेन्सी. जपानचा साउंड आर्टिस्ट र्‍योजी इकेदा तिथे राहून गेलाय. सेमीकंडक्टर नावाची ब्रिटिश जोडी तिथे होती, त्यांनी पुढे २०१८ मध्ये हेलो (Halo) नावाचं मोठं गोल इन्स्टॉलेशन केलं, ज्यात ॲटलस डिटेक्टरमधल्या कणांच्या टकरींचा डेटा वापरून उभ्या ताणलेल्या तारांवर छोट्या हातोड्या पडतात आणि माणूस त्या आवाजाच्या मध्ये उभा राहतो. यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी की त्यांनी सर्नची छान छान चित्रं घेतली नाहीत, त्यांनी कच्चा डेटा घेतला, जो शास्त्रज्ञ स्वतः रोज हाताळतात. झुरिचच्या आर्ट युनिव्हर्सिटीचा आर्टिस्ट्स-इन-लॅब्स हा प्रोग्राम तर २००३ पासून आर्टिस्टना स्विस लॅबमध्ये बसवतोय.

दुसरा प्रकार म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडी. नाव जड आहे पण प्रकार साधा आहे, वेगवेगळ्या विषयांचे संशोधक काही महिने किंवा पूर्ण शैक्षणिक वर्ष एकत्र राहतात, शिकवायची सक्ती नसते, आपापलं काम करायचं, आठवड्यातून एखादं सेमिनार आणि एकत्र जेवण. यातल्या काही जागा आर्टिस्ट आणि लेखकांनाही घेतात. मार्सेमधली इमेरा, ॲमस्टरडॅमची निआस, बर्लिनचं विसेनशाफ्ट्सकोलेग, हार्वर्डची रॅडक्लिफ इन्स्टिट्यूट.

तिसरा प्रकार म्हणजे मिश्र घरं. फ्रान्समध्ये कासिसला समुद्राला लागून कामार्गो फाउंडेशन आहे, तिथे आर्टिस्ट आणि स्कॉलर एकाच आवारात राहतात. इटलीत लेक कोमोवर रॉकफेलर फाउंडेशनचं बेलाजिओ सेंटर आहे, जर्मनीत श्टुटगार्टला अकाडेमी श्लोस सॉलिट्यूड आहे, १९९० साली सुरू झालेली. नेदरलँड्समधलं यान फान आइक, मास्ट्रिक्टचं, हे थोडं वेगळं, तिथे प्रिंटिंग, लाकूड वगैरेच्या उत्तम वर्कशॉप्स आहेत आणि रिसर्च म्हणजे तुमच्या हातातूनच होणारा रिसर्च. प्रिंटमेकर, डिझायनर लोकांनी ते आधी बघावं असं माझं मत.

आणि काही जागा अशा आहेत जिथे अप्लायच करता येत नाही, तुमचं नाव दुसरं कोणीतरी सुचवतं मग निवड होते. इटलीची चिविटेला रानिएरी अशी आहे. अमेरिकेतल्या आयोवा युनिव्हर्सिटीचा इंटरनॅशनल रायटिंग प्रोग्रामही साधारण नॉमिनेशनवरच चालतो (आपले दिलीप चित्रे सत्तरच्या दशकात तिथे होते आणि नंतर जर्मनीत हायडेलबर्गलाही रायटर-इन-रेसिडेन्स होते, म्हणजे हा रस्ता मराठी माणसाला अगदीच नवा नाहीये). अशा ठिकाणी फॉर्म शोधण्यात वेळ घालवू नका.

आता मुख्य गोष्ट, प्रश्न.

या रेसिडेन्सीत जज करणाऱ्या पॅनलवर बऱ्याचदा आर्टवाले आणि संशोधक दोन्ही असतात. संशोधकाला काय हवं असतं तर असा माणूस, जो माझ्या विषयाकडे मी बघत नाही तिकडून बघेल, आणि जो माझा वेळ खाणार नाही. त्याच्या कामाचं सुंदर पोस्टर करून देणारा माणूस त्याला नकोय, त्यासाठी त्याच्याकडे कम्युनिकेशनचं डिपार्टमेंट आहे. त्यामुळे "विज्ञान आणि कलेचा संगम" असं प्रपोजलमध्ये लिहिलं की समजा त्या पानावर अजून काहीच लिहिलेलं नाही.

दिल्लीच्या रोहिणी देवाशरचं काम बघा. ती कितीतरी वर्षं दिल्लीतल्या हौशी खगोलनिरीक्षकांमध्ये मिसळून, ग्रहणं बघत, ही माणसं आकाशाकडे नेमकी का आणि कशी बघतात यावर काम करत होती, आणि बर्लिनच्या मॅक्स प्लांक इन्स्टिट्यूट फॉर द हिस्टरी ऑफ सायन्समध्ये ती आर्टिस्ट-इन-रेसिडेन्स होती. पुढे २०२४ साली ती डॉइच बँकेची आर्टिस्ट ऑफ द इयर झाली. माझ्या मते अशा जागांसाठीची खरी तयारी हीच, विषय आधी घरी धरायचा, भरपूर धरायचा, मग बाहेर न्यायचा.

आणि घरी धरायला आपल्याकडे जागा कमी नाहीत. मुंबईत टीआयएफआर या विज्ञान-संशोधन संस्थेचे लोक चाय अँड व्हाय नावाने साध्या भाषेत गप्पांचे कार्यक्रम करतात, जाऊन बसा, प्रश्न विचारा. त्याच टीआयएफआरच्या फॉयरमध्ये हुसेनचं भलंमोठं म्युरल आहे आणि होमी भाभांनी जमवलेला चित्रसंग्रह आहे, म्हणजे लॅबमध्ये चित्रकार ही कल्पना आपल्याकडे साठ वर्षांपूर्वी पोचलेली होती. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला लोकांना आत सोडतात. पुण्यात आयुका (खगोलशास्त्र), डेक्कन कॉलेजचा पुरातत्त्व विभाग, भांडारकर (जुनी हस्तलिखितं), आघारकर (जीवशास्त्र). यातल्या एखाद्या ठिकाणच्या एका माणसाबरोबर सहा महिने जरी तुम्ही नियमित बोललात, त्यांच्यासोबत फील्डवर गेलात, स्केचबुक भरलं, तर परदेशातल्या ॲप्लिकेशनमध्ये दोन गोष्टी आपोआप येतात, एक म्हणजे खरा अनुभव आणि दुसरं म्हणजे संशोधकाचं रेकमेंडेशन लेटर. गॅलरीवाल्याच्या पत्रापेक्षा अशा पत्राला इथे जास्त वजन असतं.

हे जरा नीट कळावं म्हणून एक उदाहरण पूर्ण करून दाखवते. समजा रत्नागिरीची एक प्रिंटमेकर आहे आणि तिला कामार्गोला किंवा इमेराला जायचंय. तिचं पहिलं ड्राफ्ट बहुतेक असं असेल:

"निसर्ग आणि मानव यांच्या नात्याचा शोध घेणं हा माझ्या कामाचा गाभा आहे. फ्रान्सच्या समृद्ध कलापरंपरेचा अनुभव घेऊन माझ्या कामाला नवी दिशा मिळेल आणि दोन संस्कृतींमध्ये संवाद घडेल."

यात चूक काहीच नाही, पण यात कोकण नाही, फ्रान्स नाही आणि ती स्वतःही नाही. देशाचं नाव बदलून हेच वाक्य केरळचा शिल्पकार नॉर्वेला पाठवू शकतो.

आता तिच्या घराजवळ काय आहे ते बघा. जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावर, कोरलेली कातळशिल्पं, बारसू, उक्षी, देवूड, कशेळी. कशेळीचा हत्ती तर १८ मीटरच्या आसपास लांब, जमिनीवर उभं राहून तो पूर्ण दिसतच नाही. २०२२ मध्ये यातली काही शिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. आणि दुसरीकडे चिरेखाणी, रस्ते, बांधकामं यांचा धोका आहेच. आता कासिसकडे चला. कासिसच्या आसपासच्या कड्यांमध्ये समुद्राखाली कॉस्केर नावाची गुहा आहे, तिचं तोंड पाण्याखाली ३७ मीटरवर, १९८५ मध्ये आँरी कॉस्केर नावाच्या तिथल्याच डायव्हरला ती सापडली आणि १९९१ मध्ये जगाला कळली. आत हाताचे ठसे आहेत, घोडे आहेत, सील आहेत, आता नामशेष झालेले ग्रेट ऑक पक्षी आहेत, काही चित्रं २७ हजार वर्षांच्या आसपासची. हिमयुगात समुद्र कितीतरी खाली होता तेव्हा माणसं तिथे चालत जायची. आता पाणी वर येतंय आणि चित्रं जातायत, म्हणून संशोधकांनी गुहेचं ३डी स्कॅनिंग केलं आणि २०२२ मध्ये मार्सेमध्ये तिची प्रतिकृती लोकांसाठी उघडली.

म्हणजे बघा, दोन्ही समुद्रकाठ, दोन्हीकडे दगडावरची चित्रं, दोन्हीकडे ती आपल्या डोळ्यांसमोर कमी होतायत, आणि दोन्हीकडे प्रश्न एकच आहे की चित्र जाणार असेल तर त्याची प्रत कशी घ्यायची. आणि प्रिंटमेकरचं तर अख्खं आयुष्यच प्रती काढण्यात जातं! आता तिचं प्रपोजल असं होतं:

"मी कोकणातल्या जांभ्याच्या सड्यावर ओली मलमल पसरून कातळशिल्पांचे ठसे घेते. ठशात रेषेबरोबर शेवाळ, माती आणि दगडाची भोकंही येतात, जी आर्किऑलॉजीच्या ड्रॉइंगमध्ये गाळली जातात. कॉस्केर गुहेच्या प्रतिकृतीत काय घेतलं आणि काय गाळलं हे मला ती बनवणाऱ्या आणि अभ्यासणाऱ्या लोकांकडून समजून घ्यायचंय. पहिला महिना मी मुलाखती आणि स्केचेस करीन, दुसऱ्या महिन्यात स्कॅनच्या डेटावरून लाकडाचे ठोकळे कोरून बघीन, शेवटी दोन्ही किनाऱ्यांच्या ठशांचं एक पुस्तक असेल, ज्याचा एक संच रत्नागिरीत राहील."

फरक बघा. हात काय करतात ते आहे, हीच जागा का ते आहे, कोणाला भेटायचंय ते आहे, महिन्यांचा हिशोब आहे आणि परत आल्यावर काय तेही आहे. पॅनलवरच्या प्रीहिस्टरीवाल्याला यात स्वतःचा प्रश्न दिसतो, कारण प्रतिकृतीत काय गाळायचं यावर ते लोकही आपसात भांडत असतात. तुमचा विषय विणकाम असेल, तमाशा असेल, खारफुटी असेल, पद्धत हीच, आपल्याकडची एक नेमकी गोष्ट आणि तिकडची एक नेमकी गोष्ट, आणि दोन्हीमधून जाणारा एक प्रश्न. तिकडची गोष्ट सापडत नसेल तर ती रेसिडेन्सी तुमच्यासाठी नाहीये, दुसरी बघा, यात वाईट वाटून घ्यायचं काही नाही.

प्रपोजल आधी मराठीत लिहा. मनापासून सांगतेय, ज्यांचं इंग्रजी बेताचं आहे त्यांनीही आणि ज्यांचं फाडफाड आहे त्यांनी तर नक्कीच, कारण इंग्रजीत लिहायला बसलं की आर्ट कॅटलॉगमधली ठरलेली भाषा बोटांतून यायला लागते. मराठीत लिहा, घरातल्या कोणाला तरी वाचून दाखवा, त्यांना कळलं की मग इंग्रजी करा. एआयकडून पूर्ण लिहून घेऊ नका, व्याकरण तपासायला ठीक आहे, पण तिथे सगळ्यांची प्रपोजल्स एकाच आवाजात यायला लागलीयेत आणि त्यात तुमचा सडा आणि मलमल हरवते.

संशोधकाला ईमेल करायचा असेल तर (बऱ्याच ठिकाणी होस्ट, म्हणजे तुम्हाला आपल्या लॅबमध्ये घेणारा संशोधक, आधी शोधलेला असेल तर फायदा होतो) आधी त्यांचा एक तरी पेपर वाचा, पूर्ण कळला नाही तरी सुरुवात आणि शेवट वाचा. मग आठ-दहा ओळींचा मेल. तुम्ही कोण ते एका ओळीत, त्यांच्या कोणत्या पेपरमधली कोणती गोष्ट तुमच्या कामाला लागते ते दोन ओळीत, एक खरा प्रश्न, आणि तुमच्या कामाची एकच लिंक. "प्लीज मला होस्ट करा" पहिल्या मेलमध्ये नको. उत्तर आलं तर बोलणं वाढवा आणि रेसिडेन्सीचा विषय दुसऱ्या-तिसऱ्या मेलला काढा. उत्तर नाही आलं तर तीन आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्यानंतर सोडून द्या आणि त्याच लॅबमधल्या पीएचडी करणाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडे वेळही असतो आणि उत्साहही.

पोर्टफोलिओबद्दल थोडक्यात. सांगितलेल्या संख्येपेक्षा एकही इमेज जास्त नको, सगळ्यात चांगलं काम आधी, आणि या प्रकारच्या रेसिडेन्सीसाठी दोन-तीन इमेज प्रोसेसच्या हव्यातच, म्हणजे स्केचबुकचं पान, फील्डवरचा फोटो, फसलेला प्रयोग. कॅप्शनमध्ये माप, माध्यम, वर्ष आणि एका ओळीत हे काम कुठल्या प्रश्नातून आलं ते. फाइल साइझ बघा, डेडलाईनच्या रात्री ४० एमबीची पीडीएफ अपलोड होत नाही, आणि डेडलाईन त्यांच्या वेळेप्रमाणे आहे की आपल्या तेही बघून ठेवा.

आता पैसे. माझं स्पष्ट मत आहे की जी रेसिडेन्सी तुमच्याकडून राहण्याची मोठी फी घेते तिथे कर्ज काढून जाऊ नये, भले तिचं नाव कितीही छान वाटो. चांगल्या रिसर्च रेसिडेन्सी राहायची जागा देतात, स्टायपेंड देतात, बऱ्याचदा प्रवासही देतात. अप्लाय करण्याआधी विचारून घ्या की स्टायपेंडवर तिकडे टॅक्स कापला जातो का, इन्शुरन्स कोणाचा, मटेरियलचे पैसे वेगळे आहेत का, आणि जोडीदार किंवा मूल सोबत आणता येतं का (हे विचारायला अजिबात लाजू नका, विशेषतः बायकांनी, काही ठिकाणी त्यासाठी वेगळी सोय असते आणि न विचारल्यामुळे कितीतरी जणी अप्लायच करत नाहीत). झुरिच, जिनिव्हासारख्या शहरात स्टायपेंडचा आकडा रुपयात करून खूश होऊ नका, तिकडचं भाडं आणि किराणा यात तो मोजा.

भारतातून मदत मिळायचे काही रस्ते आहेत. ब्रिटनसाठी चार्ल्स वॉलेस इंडिया ट्रस्ट, जो कला, हेरिटेज आणि ह्युमॅनिटीजवाल्यांसाठी आहे. स्वित्झर्लंडसाठी प्रो हेल्वेशिया या स्विस कला संस्थेचं दिल्ली ऑफिस, त्यांच्या रेसिडेन्सी आणि छोट्या रिसर्च ट्रिप्स दोन्ही असतात, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने रिसर्च ट्रिपपासून सुरुवात करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. तरुण आर्टिस्टसाठी इनलॅक्स फाउंडेशन. अमेरिकेसाठी फुलब्राइट-नेहरू, पण त्यात नंतर दोन वर्षं भारतात राहण्याची अट लागते, पुढे तिकडे नोकरीचा किंवा स्थायिक व्हायचा विचार असेल तर हे आधीच माहिती असू द्या. युरोपियन युनियनच्या पैशावर चालणारे कॉल, जसे स्टार्ट्सचे (S+T+ARTS, म्हणजे सायन्स, टेक्नॉलॉजी आणि आर्ट्स), दिसायला फार आकर्षक असतात पण त्यातल्या बऱ्याच कॉलना तुम्ही त्या भागात राहणारे असावे लागता, एलिजिबिलिटी आधी वाचा मगच स्वप्नं बघा.

व्हिसा. युरोपच्या शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस राहता येतं, अर्ज जायच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि कमीत कमी ३० हजार युरोचं मेडिकल इन्शुरन्स लागतं. रेसिडेन्सी तीन महिन्यांपेक्षा मोठी असेल तर त्या देशाचा लाँग-स्टे व्हिसा, आणि तिथे कोणत्या कॅटेगरीत अर्ज करायचा, आर्टिस्ट की रिसर्चर, हे होस्ट इन्स्टिट्यूटलाच विचारा कारण कागद त्यांना द्यायचे असतात. फ्रान्समध्ये अशा बऱ्याच व्हिसांना तिकडे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन व्हॅलिडेट करावं लागतं, गडबडीत लोक विसरतात. इन्व्हिटेशन लेटरमध्ये तारखा, राहायची जागा, कोण किती पैसे देणार, हे सगळं लिहून घ्या. टुरिस्ट म्हणून जाते आणि तिकडे काम करते असं कोणी सुचवलं तर नको म्हणा. वाद्यं, महागडी उपकरणं किंवा तयार कामं घेऊन जाऊन परत आणायची असतील तर एटीए कार्ने नावाचा कागद असतो, भारतात तो फिक्की ही उद्योगांची संघटना देते, त्याने कस्टम ड्यूटीची कटकट वाचते.

तिकडे गेल्यावर पहिले दोन-तीन आठवडे काही बनवायची घाई करू नका. लॅबची सेफ्टी ट्रेनिंग असते ती करा, सेमिनारना बसा, निम्मं कळत नाही तरी बसा, आणि दुपारचं जेवण खोलीत एकट्याने न जेवता लोकांसोबत जेवा, कारण खरी कोलॅबोरेशन्स तिथेच ठरतात. लाजाळू लोकांसाठी एक उपाय म्हणजे स्वतःच्या कामाचं छोटं प्रेझेंटेशन लवकरात लवकर लावून घ्यायचं, त्यानंतर लोक आपणहून येऊन बोलतात.

आणि हक्कांबद्दल सुरुवातीलाच लेखी बोला, शेवटी नाही. संशोधकाचा डेटा किंवा इमेज तुम्ही वापरल्या तर क्रेडिट कसं, पेपर छापून व्हायच्या आधी तुम्ही तो डेटा प्रदर्शनात दाखवू शकता का, तुमचं ड्रॉइंग त्यांच्या पेपरमध्ये आलं तर तुमचं नाव कुठे, एकत्र बनवलेलं काम विकलं गेलं तर काय. या गोष्टी एका पानाच्या ईमेलमध्ये मावतात आणि चांगले संशोधक त्याला कधीच नाही म्हणत नाहीत.

तसंच इकडचंही. तुमचं काम जर सड्यावर वाट दाखवणाऱ्या गावकऱ्यांच्या माहितीवर, एखाद्या वारली चित्रकाराच्या किंवा गोंधळ्याच्या ज्ञानावर उभं असेल तर त्यांची नावं प्रपोजलमध्ये घाला आणि त्यांचं मानधन बजेटमध्ये घाला, वेगळी ओळ म्हणून. पॅनलला ते आवडतं, पण त्यांना आवडतं म्हणून नाही, ते त्या माणसांचं आहे म्हणून घालायचं.

वेळेचा अंदाज असा धरा की युनिव्हर्सिटी आणि इन्स्टिट्यूटवाले कॉल बऱ्याचदा सप्टेंबरच्या शैक्षणिक वर्षासाठी असतात आणि ते जवळजवळ वर्षभर आधी बंद होतात, काही तर त्याहीआधी. म्हणजे पुढच्या वर्षी जायचं असेल तर होस्टला मेल या महिन्यात जायला हवा, दोन रेकमेंडेशन लेटरवाल्यांना डेडलाईनच्या सहा आठवडे आधी सांगायला हवं, आणि पासपोर्ट संपत आला असेल तर तो आत्ताच रिन्यू करायला टाका, शेंगेनसाठी तो परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालायला लागतो. नकार आला तर फीडबॅक मागा, काही जण देतात, आणि तोच प्रश्न अजून सहा महिने काम करून पुढच्या वर्षी त्याच ठिकाणी पाठवा, परत अप्लाय करायला बहुतेक ठिकाणी काहीच हरकत नसते.